माळ्यावरचे जुने संगणक: कोल्हापूर परिसरात कुणाकडं काय आहे, आणि ते चालू कसे करायचे?

उद्यमनगरी (धागाकर्ता)

पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी माळे झाडले जातात. कौलं बघायला माणूस वर चढतो, एखादं धुळकट खोकं खाली येतं आणि दुपारपर्यंत भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. त्या खोक्यात स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, कॉमोडोर ६४ किंवा हिरव्या पडद्याचा पीसी-एक्सटी असेल तर कृपया देऊन टाकू नका. हे सांगायलाच धागा काढतोय.

दुसरी विनंती तितकीच कळकळीची. 'चालतंय का बघूया' म्हणून थेट प्लग लावू नका. नुसती पडून राहून मेलेली मशीनं कमी, आणि चाळीस वर्षांनी त्या एका मिनिटात मारलेली जास्त. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: ही यंत्रं वापरण्यासाठी आहेत, काचेच्या कपाटासाठी नाहीत. पण वापरण्याआधी त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडं ही आली कुठून असा प्रश्न नवीन मुलांना पडतो. काही आखातातून, विलायतेतून पाहुण्यांबरोबर आली. स्पेक्ट्रम प्लस तर हैदराबादच्या डेसिबेल्स कंपनीनं इथंच बनवून विकला. बीबीसी मायक्रो केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांत गेले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते एससीएल युनिकॉर्न या नावानं भारतात काढले. म्हणजे जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीतही बघायला हरकत नाही.

आता प्रत्येकाचं दुखणं वेगळं. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनेत मधला भाग निगेटिव्ह असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ९ व्होल्टच्या अडॅप्टरांत मधला भाग पॉझिटिव्ह. आकडा जुळला म्हणून लावला की संपलं. मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय पिन आत घालायची नाही.

कॉमोडोर ६४ मध्ये खलनायक बाहेर असतो: तो जड काळा अडॅप्टर. आत इपॉक्सी ओतून बंद केलेला, उघडता येत नाही. त्यातला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त यायला लागतात आणि पहिल्यांदा रॅम जाते. ५.२ च्या वर काटा दिसला तर तो अडॅप्टर बाजूला ठेवा. थंड असताना बरोबर दाखवतो आणि तापल्यावर चढतो असंही होतं, त्यामुळं एकदा मोजून निर्धास्त होऊ नका. ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देणारा नवीन सप्लाय बनवून घेणं हाच खरा उपाय.

बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे रिफा कंपनीचे कंडेन्सर असतात. कागदी आहेत. आवरणाला बारीक तडे जातात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि एक दिवस खोलीभर घाणेरडा धूर होतो. मशीन चालू असो वा नसो, ते आधी बदला. एक्स-टू वर्गाचे २७५ व्होल्ट एसीचे साधे प्लॅस्टिक फिल्म कंडेन्सर चालतात.

कुणाकडं काय आहे, लिहा. बंद असलं तरी लिहा.

टीव्हीवाले_काका

धागा आवडला. मी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, आता घरी बसून पोरांची जुनी यंत्रं बघतो.

सिरीज बल्बचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर किंवा सप्लाय पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजला घ्या. एलईडी नको. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. पूर्ण उजेड पडला तर आत शॉर्ट आहे, पण ट्रान्सफॉर्मर वाचला. आमच्या काळी प्रत्येक मेकॅनिकच्या टेबलाखाली हा बोर्ड असायचा. एसएमपीएसला (संगणकातला स्विचिंगवर चालणारा सप्लाय) मात्र याचा अर्थ जपून लावा. त्याला थोडा लोड दिल्याशिवाय काही सप्लाय नीट चालूच होत नाहीत, आणि बल्ब लुकलुकला म्हणून सप्लाय खराब असं म्हणता येत नाही.

आणि बाळांनो, पिक्चर ट्यूबच्या मागं हात घालू नका. बंद केलेल्या टीव्हीतही झटका शिल्लक असतो. ते काम ज्याला येतं त्यालाच द्या.

वडणग्याचा_भावा

नाद खुळा धागा! मामाकडनं रबरी कळांचा स्पेक्ट्रम मिळालाय. अडॅप्टर ओरिजिनल हाय. लावला तर टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या. मशीन मेलं म्हणायचं काय?

उद्यमनगरी

@वडणग्याचा_भावा, मेलेलं नाही, पण आता परत लावू नका. पट्ट्या म्हणजे प्रोसेसरला रॅममध्ये काही सापडत नाही. खालच्या १६ के साठी त्यात ४११६ जातीच्या आठ आयसी आहेत, बोर्डावर आयसी ६ ते १३. या जुन्या आयसींना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: १ नंबर पिनेवर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५. ग्राउंड १६ वर. यातलं उणे ५ गायब झालं आणि बाकी दोन चालू राहिले की आयसी तापून जळायला लागते. म्हणून परत परत चालू करून बघायचं नाही.

केस उघडताना वरचं झाकण हळू उचला. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या मोडतात. सरळ वर ओढा, वाकवू नका. मग मल्टिमीटरचा काळा प्रोब १६ नंबरला आणि लाल प्रोब एकेका पिनेला. प्रोब घसरून शेजारच्या पिनेला लागणार नाही एवढं बघा. मोजा, लगेच बंद करा, इथं आकडे द्या.

शाहूपुरी_गल्ली

माझा प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर वडिलांचा ३८६ संगणक पूर्ण बुडाला होता. चिखल वाळला, तसाच पोत्यात बांधून ठेवलाय. फेकवत नाही, कारण वडिलांनी पहिला पगार घालून घेतलेला. यात काही होण्यासारखं आहे का? का उगाच आशा लावून बसलोय?

टीव्हीवाले_काका

आशा आहे. पुराच्या चिखलातून उठवलेले टीव्ही मी बघितलेत.

आधी बोर्ड पूर्ण सुटा करा. बेसमध्ये (सॉकेटमध्ये) बसवलेल्या सगळ्या आयसी आणि रॅम काढा, कारण गाळ बेसच्या आत जाऊन बसतो आणि तिथंच पिना खातो. मग साध्या स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं धुवा. हो, पाण्यातच. वाळलेला गाळ नुसता झटकला तर तो आणखी आत जातो. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल मारून सावलीत वाळवा. आपल्या दमट हवेत आठवडाभर तरी जाऊ द्या. घाई नको. कार्डांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसा.

सप्लाय मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. मेन्सच्या बाजूला गाळ राहिला तर जिवावर बेतेल. नवीन एटीएक्स सप्लाय जोडायला केबल मिळते.

उद्यमनगरी

काकांनी सांगितलं त्यात एक भर. ३८६ च्या बोर्डावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक निळी नळकांडी दिसेल, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. तारीख-वेळ जपणारी. ती जवळजवळ प्रत्येक बोर्डावर पाझरलेली असते, पूर आला नसता तरी. तिच्यातून निघणारा क्षार तांब्याचे ट्रॅक खात खात कीबोर्ड कंट्रोलरपर्यंत पोचतो. ती आधी कापून काढा. हिरवट-पांढरा थर दिसतो तिथं कापसाच्या बोळ्यानं पांढरं व्हिनेगर लावा. क्षाराला आम्लच उतरवतं. मग पाण्यानं धुऊन अल्कोहोल. ट्रॅक तुटला असेल तर बारीक तारेनं जोडता येतो, वेळखाऊ आहे पण अवघड नाही. नवीन बॅटरी बोर्डावर बसवू नका, वायरीनं लांब न्या.

हार्ड डिस्कला सध्या वीज देऊच नका. तिला हवेसाठी बारीक भोक असतं. पाणी आत गेलं असेल तर फिरवताक्षणी पृष्ठभाग ओरबाडेल. वडिलांच्या फायली हव्या असतील तर ते काम डेटा काढणाऱ्यांचं. मशीन चालवायला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावता येतं, ३८६ ला तो हार्ड डिस्कच वाटतो.

सिंहगडरोडकर

पुण्यातून नमस्कार. कार्ड, एसडी, हे सगळं लावलं की जुनं मशीन जुनं राहतं का हो? माझ्या मते कॅसेट, फ्लॉपी, मूळ आयसी हाच त्याचा आत्मा आहे. माझ्या स्पेक्ट्रमला मी ५ व्होल्ट देणारा मूळ ७८०५ रेग्युलेटरच ठेवलाय, तापला तरी.

उद्यमनगरी

@सिंहगडरोडकर, तुमची भावना कळते, पण सहमत नाही. ७८०५ जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता शेजारच्या यूएलएला भाजते. यूएलए ही फक्त सिंक्लेअरसाठी, म्हणजे स्पेक्ट्रमच्या कंपनीसाठी, बनलेली आयसी, ती पुन्हा बनणार नाही. त्याच तीन पिनांत बसणारा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो. तो घातला की मशीन कोमट सुद्धा होत नाही. ७८०५ डबीत घालून केसबरोबर ठेवायचा. उद्या हवा तर परत लावता येतो.

माझी सीमारेषा हीच: जे उलटं फिरवता येतं ते सगळं करावं. केसला भोक पाडायचं नाही, ट्रॅक कापायचा नाही. स्पेक्ट्रमचं चित्र टीव्हीच्या एव्ही सॉकेटला न्यायचं असेल तर मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर सोडणारा भाग) डबीत येणारी व्हिडिओची वायर काढून मधल्या पिनेला जोडली की झालं. सॉकेट तेच, भोक तेच. आपल्या जुन्या टीव्हींत यूएचएफ नसायचंच बऱ्याचदा, आणि स्पेक्ट्रम सोडतो यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर. त्यामुळं इथं हा बदल करावाच लागतो.

कॅसेटवरून खेळ चढवण्याबाबत मात्र माझंही मत तुमच्यासारखंच. ती लाल-निळसर पट्ट्यांची किनार, मग निळ्या-पिवळ्या रेघांची गडबड आणि तो कर्कश आवाज, हे ऐकल्याशिवाय खेळात मजा नाही. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळला असेल तर मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून आवाज पूर्ण मोठा करून द्या, स्पेक्ट्रमला फरक कळत नाही.

सिंहगडरोडकर

'उलटं फिरवता येतं ते करावं' हे पटलं. रेग्युलेटर बदलतो.

बाकी सगळ्यांना: स्पेक्ट्रममधला झेड-८० प्रोसेसर एखादा जास्तीचा घेऊन ठेवा. १९७६ पासून बनत होता. झायलॉगनं २०२४ मध्ये सुट्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. बाजारात अजून भरपूर आहेत, पण नाव घासून नवीन छापलेलेही विकले जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा इथं पुण्यात बुधवार पेठेत दुकानात उभं राहून घेणं ऑनलाइनपेक्षा बरं.

ग्रंथपाल_ताई

मी वाचनालयात काम करते. आमच्याकडं एक पीसी-एक्सटी आहे, बंद. त्यात जिस्ट कार्ड (संगणकावर मराठी लिहिता यावं म्हणून) घातलेलं आहे, त्यावर पूर्वी पुस्तकांची मराठी सूची केली होती. सूचीच्या ५.२५ इंची फ्लॉप्या कपाटात आहेत, काहींवर बुरशी दिसते. आताच्या संगणकावर त्या फायली उघडतील का? कुणी म्हणालं, जुनं मराठी कधीच वाचता येत नाही.

उद्यमनगरी

ताई, हा प्रतिसाद वाचून खुर्चीतून उठलो. त्या फ्लॉप्या कुणालाही देऊ नका आणि कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका.

'जुनं मराठी वाचता येत नाही' हे फाँटवर आधारलेल्या डीटीपीच्या (छपाईची पानं लावायच्या) फायलींबद्दल बऱ्याच अंशी खरं. तिथं अक्षराचा तुकडा, काना, अर्धा आकार असे आकार साठवलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पण पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट 'इस्की' या संकेतात लिहायचं. त्यात आकार नाही, अक्षर साठवलेलं असतं: क म्हणजे क, जोडाक्षराला मध्ये हलंत. ही पद्धत पुढं १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. म्हणजे तुमच्या सूचीतलं अक्षर न अक्षर आजच्या मराठीत आणता येईल, त्यासाठी छोटासा प्रोग्राम पुरतो. ते मी आनंदानं लिहून देतो.

अडचण फक्त बुरशीची. बुरशी आलेली फ्लॉपी फिरवली की हेड घाण होतं, आणि घाण हेड पुढची चांगली फ्लॉपी ओरबाडतं. आवरणाची कड काळजीपूर्वक कापून आतली चकती बाहेर काढायची, अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसायची, वाळवायची, आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून वाचायची. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड साफ. वाचताना साधा कॉपी नको. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड ड्राइव्हला जोडलं की ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, मग फाटकं सेक्टरही सावकाश जुळवता येतं.

एक सूचना. ३६० के च्या फ्लॉप्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येतात, पण त्यात त्यांच्यावर काही लिहू नका. त्याचं हेड अरुंद, जुन्या रुंद रेघेच्या मध्येच नवीन बारीक रेघ उमटते, आणि मग मूळ ड्राइव्हला दोन्ही एकदम दिसून काहीच वाचता येत नाही. चिकटपट्टी लावून फ्लॉपी आधीच लिहायला बंद करून टाका.

ग्रंथपाल_ताई

धन्यवाद. समितीला विचारून आणते. चिकटपट्टी आजच लावते.

गणिताच्या_बाई

आठवीच्या मुलांना मी स्पेक्ट्रम प्लसवर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, म्हणून सांगावंसं वाटलं. सुरू केल्याबरोबर समोर लिहायची जागा येते, मध्ये काही नाही. मुलांना हेच आवडतं.

सगळ्यात रमतात ते अक्षर बनवण्यात. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं आपल्या मनानं आखता येतात, प्रत्येक आठ बाय आठ घरांत. चौकटीच्या वहीत आखून घ्यायचं, भरलेलं घर १, रिकामं ०, प्रत्येक ओळ म्हणजे एक द्विमान संख्या. एका मुलीनं आखलेला 'म' देते:

२५५, ६६, ६६, ६६, १२६, १९४, १९४, २

पहिली २५५ म्हणजे आठही घरं भरलेली, ती शिरोरेषा. आठही भरली की शेजारचं अक्षर आपोआप जोडलं जातं. हे आकडे 'यूएसआर ए' पासूनच्या आठ पत्त्यांवर पोक करायचे (मेमरीत थेट लिहायचे) आणि ग्राफिक्स मोडमध्ये ए दाबायचं. द्विमान पद्धतीचा धडा फळ्यावर मला जितका वेळ घ्यायचा, त्याच्या निम्म्यात झाला. पण २१ मध्ये बाराखडी बसत नाही. वेलांटीला वर जागाही उरत नाही. काही मार्ग?

उद्यमनगरी

बाई, तो 'म' वहीत आखून बघितला, सुरेख आहे.

मार्ग आहे. २३६०६ आणि २३६०७ या दोन पत्त्यांवर अक्षरसंचाचा पत्ता ठेवलेला असतो, खऱ्या पत्त्यापेक्षा २५६ नं कमी. तुम्ही रॅममध्ये ९६ अक्षरांचा स्वतःचा संच करून तो पत्ता तिथं पोक केलात की सगळी छपाई तुमच्या अक्षरांत. वेलांट्यांसाठी वरची ओळ वेगळी धरा: मात्रा आणि वेलांटी वरच्या चौकटीत, अक्षर खालच्या. ओळी निम्म्या होतील, पण अक्षराला श्वास मिळेल. मुलांना सांगा, मोबाइलातल्या एआरएम प्रोसेसरचा सूचनासंच बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीच्या सोफी विल्सन यांनी आधी बीबीसी मायक्रोवर, बेसिकमध्येच चालवून बघितला होता. १९८५ च्या एप्रिलमध्ये पहिली एआरएम चिप चालली.

वडणग्याचा_भावा

आकडे आणलेत. ९ नंबरला ५.०२. ८ नंबरला साधारण ८, म्हंजे १२ न्हाईत. १ नंबरला काहीच न्हाई, शून्य.

उद्यमनगरी

छान मोजलंत. रॅमच्या आधी वीज बनवणारा भागच बंद आहे. टीआर ४ आणि टीआर ५ हे दोन ट्रान्झिस्टर एका छोट्या कॉइलला झटके देऊन १२ आणि उणे ५ तयार करतात. टीआर ४ च्या जागी झेडटीएक्स ६५०, टीआर ५ ला झेडटीएक्स २१३. दोन्ही एकदम बदला. कॉइलची तार काळी पडलीय का बघा, आणि जवळचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हाताखाली आहेत तोवर तेही बदला. सोल्डर पंप वापरा, ट्रॅक जुने आहेत, उष्णता कमी वेळ द्या.

वडणग्याचा_भावा

बदललं! उणे ५ आलं, १२ आलं. एक रॅम आयसी बोट ठिवता येईना एवढी तापत हुती, ती काढून बेस बसवला, काकांनी दुसरी दिली. आता १९८२ ची सिंक्लेअरची ओळ येतीया. लई भारी वाटलं, मामाला फोन लावून दाखवलं.

पर मेमरी किती हाय ते बघायची ओळ टाकली, पीक (म्हंजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं) २३७३२ आणि २५६ गुणिले पीक २३७३३ यांची बेरीज, तर ३२७६७ आलं. ६५५३५ पायजे हुतं न्हवं? वरची रॅम गेली काय?

उद्यमनगरी

बोर्डावर आयसी १५ ते २२ आणि २३ ते २६ या जागा बघा. आयसी बसवलेल्या आहेत का?

वडणग्याचा_भावा

बारा बेस, सगळे रिकामे.

उद्यमनगरी

मग काहीही गेलेलं नाही. मामांनी १६ के चा घेतला होता, आणि १६ के ला ३२७६७ हाच बरोबर आकडा. कंपनीनं वाढवायची सोय ठेवून दिली आहे. रॅमच्या आठ जागी ४१६४ चालतील, १५० किंवा २०० नॅनोसेकंदाच्या. उरलेल्या चारांत एक ७४एलएस३२, एक ७४एलएस००, दोन ७४एलएस१५७, याच क्रमानं. आयसीची खाच बोर्डावरच्या खुणेशी जुळवून बसवा.

टीव्हीवाले_काका

४१६४ माझ्याकडं जुन्या एक्सटीच्या बोर्डावरच्या निघतील, १५० च्या आहेत. ७४ मालिकेच्या नवीन घे, स्वस्त आहेत. रविवारी दुपारनंतर ये, येताना बेसच्या पिना अल्कोहोलनं साफ करून आण.